मिठावरचं माकड

"माकडा, सलाम कर."

आठ वर्षांचा बाळू बोलला आणि माझ्या बापानं सलाम केला.

"आता खाजव."

बापानं बगल खाजवली. ओट्यावरची माणसं खो खो हसली. बाळूची आई पदर तोंडाला लावून हसली. बाळूचे आजोबा दादासाहेब झोपाळ्यावर बसले होते. आजूबाजूची निम्मी मिठागरं त्यांची. तेही पानाचा तोबरा सांभाळत हसले. बापाच्या गळ्यात दोरी होती आणि दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. मी तेरा वर्षांची. मी मदारी. मीसुद्धा हसत होते. हे आधीच सांगून टाकते. उगाच नंतर कुणी म्हणायला नको, की बाईनं स्वतःच्या सोयीचं तेवढं सांगितलं.

आम्ही बहुरूपी. सोंगं घेऊन दारोदार फिरणारे. आई माझ्या बाळंतपणातच गेली, त्यामुळे आम्ही म्हणजे बा आणि मी, दोघंच. होळी झाली की आमचं पाल भाईंदरला पडायचं, स्टेशनच्या पल्याड, खाडीच्या अंगाला. तिथून राई, मुर्धा, मोर्वा, डोंगरी, पार उत्तन-पालीपर्यंत फेरा. त्या काळी इकडे पोरांना खेळ दाखवणारं होतं कोण? सर्कस मुंबईत. नाटक मुंबईत. मिठागरात राबणाऱ्यांची पोरं मुंबई कशाला बघतायत! त्यांची सर्कस म्हणजे माझा बाप. फौजदार होऊन आला की पोरं आईच्या पाठी लपायची. नवी नवरी होऊन आला की म्हाताऱ्यासुद्धा त्याची ओटी भरायला धावायच्या. एकटा माणूस, पण पोरांनी त्याच्यात काय काय म्हणून बघितलं! बाप होता म्हणून सांगत नाही. तसा सोंगाड्या मी नंतर बघितला नाही.

आणि माकड म्हणजे त्याचं हुकमी सोंग. सकाळपासून तयारी चालायची. काजळी तेलात खलून सगळ्या अंगाला. तोंडाला तांबडी काव. काथ्या भरलेली लांब शेपटी कमरेला. शेवटी दोन्ही गालांत चिंध्यांचे बोळे, म्हणजे जबडा माकडासारखा पुढे यायचा. बोळे घातले की त्याला बोलता यायचं नाही. मग तो डोळ्यांनी बोलायचा. एकदा मिचकावले की हो, दोनदा मिचकावले की नाही. ही आमची बापलेकीची भाषा होती, तिसऱ्या कुणाला ठाऊक नव्हती. सगळं झालं की तो माझ्याकडे बघून एकदा डोळे मिचकवायचा आणि चार पायांवर यायचा.

आमच्यात दोन नेम होते.

पहिला नेम असा, की सोंग एकदा अंगावर चढलं की घरधन्यानं 'उतरव' म्हटल्याशिवाय सोडायचं नाही. काही होवो. बा मोठ्या तोऱ्यात सांगायचा, "तुजा पणजा मेलेल्याचं सोंग घेऊन पडला व्हता. गाववाल्यांनी खरंच तिरडी बांधली. खाडीपतूर नेला. पर गडी हलला न्हाय. पाटलानं 'उतरव' म्हटलं, तवा उठून बसला आन् म्हनला, जरा तंबाखू द्या." ही गोष्ट मी हजार वेळा ऐकली असेल. दर वेळी माझी छाती फुगायची. आमच्याकडे जमीन नव्हती, घर नव्हतं, बैलही नव्हता. हा एक नेम होता.

दुसरा नेम, दोरी परक्याच्या हातात द्यायची नाही. ज्याच्या हातात दोरी, त्याचं माकड. तो सांगेल ते माकडानं करायचं. म्हणून तर बानं दोरी पोटच्या पोरीच्या हातात ठेवली होती.

त्या दिवशी मी ती दिली.

झालं असं, की खेळ संपला. कोलांट्या झाल्या, सलाम झाला, बाळूनं सांगितलेलं सगळं झालं. आता दादासाहेबांनी 'उतरव' म्हणायचं आणि बानं दोन पायांवर उभं राहून मुजरा करायचा, असा रिवाज. पण दादासाहेबांचं जेवण अंगावर आलं होतं. त्यांनी मोठी जांभई दिली, पानाचा चोथा अंगणात थुंकला आणि उठून आत निजायला गेले. काहीच बोलले नाहीत. ओट्यावरची माणसं पांगली. अंगणात मी, बा आणि बाळू. चैत्राचं ऊन. बा चार पायांवरच.

तेवढ्यात बाळूच्या आईनं घरातून हाक मारली, "ए पोरी, मागच्या दारी ये. भात उरलाय."

आतून वालाच्या बिरड्याचा वास आला. आदल्या दिवसापासून माझ्या पोटात पेजेच्या पाण्याशिवाय काही नव्हतं. बाळूनं हात पुढे केला. "दोरी मला दे. मी सांभाळतो."

मी बाकडे बघितलं. त्यानं दोनदा डोळे मिचकावले. नाही.

मी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. मेली ती भूक! दोरी बाळूच्या हातात दिली आणि मागच्या दारी पळाले. किती वर्षं झाली, पण कुणी मला वालाचं बिरडं वाढलं तर माझा घास घशाखाली जात नाही.

मागच्या दारी उंबऱ्याबाहेर पत्रावळ टाकली होती. वरून भात पडला, वरून बिरडं पडलं. वाढणारीचा हात पत्रावळीला लागत नव्हता. तिथंच पायरीच्या कडेला उत्तनची कातरीनमावशी सुक्या बोंबलांची पाटी घेऊन बसली होती. ती किरिस्ताव कोळीण. दर आठवड्याला उत्तनहून चालत यायची. कपाळावर घाम, कानात सोन्याच्या कुड्या, तोंड सतत चालू. मी खात होते आणि ती मिठागराकडे बघत होती. एकदम बोलायची थांबली.

"आगो पोरी," ती म्हणाली, "त्या बांधावर उन्हात कोन चाललाय? मानूस हाय ना तो?"

मी मान वर केली. घराच्या मागे लगेच मिठागर सुरू व्हायचं. मिठाचे वाफे, मधे मातीचे बांध. पुढे बाळू उड्या मारत चालला होता. मागे दोरीला बा. चार पायांवर.

"सोंग हाय," मी म्हणाले.

"सोंग हाय त मंग मानूस न्हाय?"

मी घास चावत राहिले.

"तुजा कोन लागतो?"

"बापूस," मी म्हणाले.

मावशीनं पाटी बाजूला सारली आणि उभी राहिली. माझ्याकडे असं बघितलं, की हातातला घास पत्रावळीवर पडला. ती रागावली नव्हती, ओरडली नव्हती. तिनं फक्त विचारलं होतं, तुझा कोण लागतो. इतकी वर्षं आम्ही इतक्या दारांत गेलो. दर वेळी दोरी माझ्याच हातात होती. कुणी म्हणजे कुणी विचारलं नव्हतं. आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

मी धावले.

तोवर बाळूनं त्याला बांधावरून मिठाच्या वाफ्यात उतरवलं होतं. मीठ धरलेला वाफा तुम्ही बघितलाय का? लांबून पांढरा शुभ्र, छान दिसतो. जवळून काचेचा चुरा. मिठागरातल्या माणसांचे तळवे बघा, भेगांत बोट जाईल. त्या मिठावर माझा बाप गुडघे टेकून चालत होता. बाळू त्याच्या पाठीवर बसला होता आणि दोरीचा लगाम करून ओढत होता. मिठागरातली माणसं दुपारची भाकर खायला झोपडीच्या सावलीला बसली होती. ती हसत होती. त्यांचेही तळवे फाटलेलेच, तरी हसत होती. त्यांचा धनी ज्याला हसतो, त्याला हसायची त्यांना सवय होती. मला त्यांचा तेव्हा फार राग आला. आज तितका नाही. मीच तासाभरापूर्वी हसत होते की.

"बा," मी म्हणाले. "गुडघे."

गुडघ्यांची सालटी गेली होती. काजळीतून लाल दिसत होतं आणि त्यात मिठाचं पाणी. तरी तो थांबेना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, काव ओघळून छातीवर आली होती, आणि तोंडानं तो माकडासारखं खीं खीं करत होता. पोरानं पाठीवर टाच मारली की खीं खीं. मला वाटलं, हा आता 'उतरव' ऐकल्याशिवाय थांबायचा नाही. पणजा तिरडीवर हलला नव्हता ना!

मग मी दादासाहेबांच्या बंगल्याकडे धावले. पुढच्या दारानं ओट्यावर चढले. ओट्याच्या आत आम्ही कधी पाऊल ठेवलं नव्हतं. त्या दिवशी ठेवलं. माजघर ओलांडलं. शेणानं सारवलेली थंडगार जमीन. दादासाहेब पाटावर डोकं ठेवून पडले होते, एक गडी पंखा घालत होता.

"दादासाहेब, उतरव म्हना."

त्यांनी एक डोळा उघडला. "कोण गं तू? आत कशी आलीस?"

"बहुरूप्याची पोर. बा मिठावर हाय. गुडघे फुटल्यात. उतरव म्हना."

ते कुशीवर वळले. मला वाटलं होतं ते रागावतील. मारतील. ते तसलं काहीच नाही. ते हसले.

"अगं, मी विसरलोच! बाळू खेळतोय ना? खेळू दे थोडा. मी उठलो की सांगतो. माकडाला कसली आलीय घाई?"

आणि डोळा मिटला. गड्यानं मला हातानं हुसकलं, जा जा.

विसरले होते. एवढंच. त्यांनी मुद्दाम छळलं असतं तर मी समजून घेतलं असतं, अहो, वैऱ्याचा तरी डोळा आपल्यावर असतो. हे तर विसरले होते! माझा बाप चार पायांवर सोडून गेले आणि विसरले, जसं कुणी छत्री विसरतं.

मिठागरावर परत आले तेव्हा कातरीनमावशी बांधावर उभी होती. पाटी डोक्यावर. तिनं माझ्याकडे बघितलं, मी नाही म्हणून मान हलवली.

मी वाफ्यात उतरले. पायाला मीठ टोचलं. "दोरी दे," मी बाळूला म्हणाले.

"नाही. माझं माकड आहे."

मी त्याला ढकललं. तो पाठीवरून खाली मिठाच्या चिखलात पडला आणि भोकाड पसरलं. हसणारी माणसं उठून उभी राहिली. मी बाच्या गळ्यातली दोरी काढून फेकली. त्याच्या तोंडात बोटं घालून बोळे ओढून काढले. लाळेनं भिजलेल्या चिंध्या, काळ्या-लाल.

"बोल," मी म्हणाले. "बा, बोल. उठ."

त्यानं माझ्या कानाखाली मारली.

माझ्या कानात घण वाजले. डोळे उघडले तेव्हा तो दोन पायांवर उभा होता. इतक्या वेळानं त्याच्या तोंडून शब्द आला.

"घान केलीस," तो म्हणाला. "सात पिढ्यांची घान केलीस."

बास. 'पोरी, लागलं का' नाही. 'माझे गुडघे' नाही. मला अजून वाटतं, त्या दिवशी त्याला मिठापेक्षा मीच जास्त झोंबले.

बाळूच्या रडण्यानं बंगला जागा झाला. दादासाहेब ओट्यावर आले. बा धावत गेला आणि त्याच फुटलेल्या गुडघ्यांवर ओट्यासमोर कपाळ टेकून पडला. "चूक झाली मायबाप. पोर हाय. चूक झाली."

दादासाहेब झोपाळ्यावर बसले. झोप मोडली होती, पण चेहरा मजेत होता. "पण मी 'उतरव' म्हटल्याशिवाय उतरलास कसा रे? तू नेहमी सांगतोस तो तुझा आजा, ह्या पोरीचा पणजा, तिरडीवर हलला नव्हता ना? चल. परत चढव. मग मी सांगतो, मग उतरव."

आणि माझा बाप परत चार पायांवर आला. सगळ्यांसमोर. बोळे नव्हते, दोरी नव्हती, शेपटी एका बाजूला लोंबत होती. तरी खीं खीं केलं. दादासाहेब थोडे थांबले. मुद्दाम थांबले. मग म्हणाले, "उतरव."

ओटा हसला. मिठागरावरून मागोमाग आलेली माणसंही हसली. बा उभा राहिला, मुजरा केला. त्याचा चेहरा मोकळा झाला होता. खरंच सांगते, त्याला बरं वाटलं होतं. त्याचा नेम पुरा झाला होता.

"आता पोरीचं काय?" दादासाहेब म्हणाले. "माझ्या नातवाला चिखलात लोळवलं हिनं. असं कर. हिला माकड कर. बाळू मदारी. पोराचं रडू थांबेल."

बाळूचं रडू तेवढ्यातच थांबलं होतं. डोळे पुसून तो माझ्याकडे बघत होता.

बानं कमरेची शेपटी सोडली. ती हातात धरून माझ्याकडे आला. चेहऱ्यावरची काजळी घामानं पट्टे पट्टे झाली होती. "घे," तो म्हणाला. "घटकाभर. मंग ते उतरव म्हंतील."

मी त्याच्या डोळ्यांकडे बघितलं. तो दोनदा मिचकवेल, नाही म्हणेल, असं मला वाटत होतं. आमची भाषा होती ना ती. त्यानं एकदा मिचकावले.

"न्हाय," मी म्हणाले.

इतकं जोरात म्हणाले की माझा मलाच आवाज ओळखू आला नाही. मी परत म्हणाले, "न्हाय. म्या मानूस हाय. त्यो बी मानूस हाय."

"जा मग," बा म्हणाला. हळू म्हणाला. "जा. माज्याकडं येऊ नको."

मी गेले. कुणी अडवलं नाही. फाटकापाशी कातरीनमावशी होती. ती पुढे चालायला लागली, मी तिच्या मागे. डोंगरीपर्यंत तिनं मागे वळून बघितलं नाही. मग पाटी खाली ठेवून म्हणाली, "पायातला मीठ काड आदी."

उत्तनला मी मावशीच्या घरी राहिले. राहिले म्हणजे बोंबील वाळत घालायला, कावळे-कुत्री हाकायला. मावशी बरी होती. पण मी तिची नव्हते. रविवारी घरादारानं इस्त्रीचे कपडे घालून किरिस्तावांच्या देवळात जायचं. गाव रिकामं व्हायचं. किनाऱ्यावर बोंबलांच्या रांगा आणि मी. घंटा वाजायची, गाणं ऐकू यायचं. नाताळला सगळे एकमेकांना मिठ्या मारायचे, मला लाडू मिळायचा. हाताखाली घेतलेली परकी पोर. आमच्या बहुरूप्यांच्या पालांवर मला जागा नव्हती, जातीच्या पंचांनी सांगितलं होतं, ही पोर सोंग मोडणारी. इकडे देवळात जागा नव्हती. कुणी आपलं म्हणेल असं एक दार नव्हतं मला. कधी कधी नुसतं बोलायला म्हणून मी मांजराशी बोलायचे. काय करणार! तोंड आहे तर कुणाशी तरी बोलायला लागतंच.

पाच-सहा वर्षांनी बा उत्तनला आला.

पोरांचा गलका ऐकला आणि मला कळलं. मी हातातली माशांची टोपली टाकून धावले. पारावर माकड. केस पिकले होते, काजळीखाली पांढरे दिसत होते. उडी पूर्वीसारखी जात नव्हती. मदारी नव्हता. दोरी त्यानं गळ्यात बांधली होती आणि दुसरं टोक आपल्याच मुठीत धरलं होतं. एका हातानं स्वतःला ओढायचा आणि खीं खीं करायचा. पोरं लोळून हसत होती. मी पोरांच्या मागे उभी राहिले. त्यानं मला बघितलं. नक्की बघितलं. मी वाट बघत होते, तो एकदा मिचकवेल. दोनदा मिचकावले असते तरी चाललं असतं. नाही म्हण, पण बोल माझ्याशी!

त्यानं डोळे मिचकावले नाहीत. माकडाचे डोळे माझ्यावरून फिरले आणि पुढच्या पोरावर गेले.

खेळ संपेपर्यंत मी थांबले. गावचे पाटील 'उतरव' म्हणाले. त्यानं मुजरा केला, तांदूळ झोळीत घेतले आणि पालीच्या वाटेला लागला. मी मागे गेले नाही. गेले असते तर त्यानं कानाखाली मारली असती, आणि ती मला हवी होती, इतकी मी एकटी होते. पण पाय उचलला नाही. पुढच्या पावसाळ्यात तो गेला. वसईकडच्या कुठल्या गावात. मला महिन्यानं कळलं.

मग स्वराज्य आलं. उत्तनलाही झेंडा लागला, पोरांना साखर वाटली. त्याच आठवड्यात एक तरुण सायकलवरून किनाऱ्यावर आला. पांढरी टोपी, पांढरे कपडे. मासे वाळवणाऱ्या बायांना विचारत विचारत माझ्यापर्यंत पोचला.

"ओळखलं नाहीस? मी बाळू. दादासाहेबांचा नातू."

मी बोंबील उलटत राहिले.

"शाळेत मुलांसाठी कार्यक्रम ठेवलाय," तो म्हणाला. "स्वराज्याचा. गाणी, नाच, सगळं. मला तुझ्या वडिलांचं माकड आठवलं. ते गेल्याचं कळलं, वाईट वाटलं. पण तू मदारी होतीस. तू ये. माकडाचं सोंग आमच्यातलाच कुणीतरी घेईल. अगं, तो माझ्या लहानपणातला सगळ्यात मजेचा दिवस. आजही आमच्या घरी सगळे ती गोष्ट सांगतात."

"काय गोष्ट सांगता?"

तो हसला. चेहरा आठ वर्षांचा झाला. "हीच की. बहुरूप्याचं माकड इतकं हुबेहूब, मिठावरून चाललं, पण 'उतरव' म्हटल्याशिवाय माणूस झालं नाही. काय कला होती!"

"आणि मी?"

"तू?"

"गोष्टीत मी येते का?"

त्यानं आठवून बघितलं. मनापासून आठवून बघितलं, ते मला दिसलं. "तू मला ढकललंस बहुतेक. हो ना? त्याला पण आम्ही हसतो." मग म्हणाला, "राग नाही हं माझ्या मनात."

त्याच्या मनात राग नव्हता! मी हातातला बोंबील खाली ठेवला आणि उभी राहिले.

"बाळू," मी म्हणाले. जन्मात पहिल्यांदा त्याला नुसतं बाळू म्हणाले. "त्याचे गुडघे बघितलेस का तू?"

"मी लहान होतो गं."

"म्या पन लहानच व्हते. म्या बघितले."

आजूबाजूच्या बायांनी हात थांबवले होते. पोरं गोळा झाली होती. मी त्याला तिथं उभं करून सगळं सांगितलं. दोरी कुणी दिली ते. बिरडं. त्याचे आजोबा कुशीवर कसे वळले ते. परत चार पायांवर आणून किती वेळ थांबले ते. माझ्या कमरेला शेपटी बांधायला निघालेला माझा बाप. मी माझं स्वतःचंही काही लपवलं नाही. बाळू आधी हसतच ऐकत होता. मग टोपी काढली. मग सायकलीच्या दांडीकडे बघत राहिला.

"ते गेले आता," तो शेवटी म्हणाला. "आजोबा पण गेले. आता हे उगाळून काय होणार? मुलांचा कार्यक्रम आहे. आनंदाचा दिवस."

"मंग येते म्या," मी म्हणाले. "मुलांना सांगते."

त्यानं सायकल वळवली. दोन दिवसांनी शाळेच्या शिपायानं निरोप आणला, बाईंनी येण्याचे कष्ट घेऊ नयेत.

मी गेले. फाटकातून आत सोडलं नाही. आत ढोल वाजत होता, टाळ्या पडत होत्या. मी रस्त्यावर उन्हात उभी राहिले. कार्यक्रम सुटला, पोरं हातात साखरेच्या पुड्या घेऊन बाहेर आली. बहुतेक पळाली. तीन थांबली. दोन कोळ्यांची, एक मिठागरातली मुलगी. मी त्या तिघांना सांगितलं. मास्तर आले, म्हणाले, कशाला भलतं भरवता पोरांच्या डोक्यात. मी पुढचं वाक्य बोलले. मास्तर गेले. मी शेवटपर्यंत सांगितलं.

मला कुणाची माफी नको आहे. बाळूच्या घरी ती गोष्ट आजही सणावाराला निघते, नव्या सुनेला सांगतात, पोरांना सांगतात आणि हसतात. मला ठाऊक आहे. माझा बाप त्यांच्या घरात अजून चार पायांवर आहे. त्याला तिथून उठवणारं माझ्याशिवाय कुणी नाही, आणि तो मला उठवू देणार नव्हता, तरी मी उठवणार. ते हसत सांगतील तेवढ्या वेळा मी न हसता सांगेन. बाजारात सांगेन, फाटकाबाहेर सांगेन, एकच माणूस ऐकणारा असला तरी त्या एकाला सांगेन. कुणीच नसलं तरी सांगेन. मला एकटीनं बोलायची सवय आहे.